रेघेखालचं नाव

निहार आणि अन्वी,

तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मी पाहिला. ओट्यावर पालक कुटलात, कॉफी गाळायच्या कागदाची पट्टी कापलीत, ती ग्लासात उभी केलीत, आणि हिरव्यातून पिवळं वेगळं व्हायला लागल्यावर अन्वी म्हणाली, "आजी, मॅजिक." मी अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि फोन उपडा ठेवला. रात्री तुमच्या आईने विचारलं, तुला आवडलं नाही का. आवडलं. पण तुम्ही पट्टीच्या तळाशी पेनने आपापली नावं लिहिली होती. ती नावं रंगांबरोबर वर चढली, फिसकटली, आणि तुम्ही दोघं हसलात. तुमचं हसणं साधं होतं. मला मात्र दुसरं हसणं ऐकू आलं, आणि ते इतकं स्पष्ट होतं की त्या दिवशी काही लिहिणं जमलं नाही.

आता लिहिते आहे. मराठी जड गेलं तर आईकडून वाचून घ्या, पण तिला मधलं काही वगळू देऊ नका. ती मी रडेन म्हणून वगळते. मी रडत नाही.

चंद्रपूरच्या कॉलेजात आमची वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर होती. जिना चढतानाच वास यायचा. आधी ईथरचा, थंड आणि गोडसर, नाकातून थेट कपाळात जाणारा. मग कुटलेल्या पानांचा, ओला आणि हिरवा. मग चंदनाच्या पावडरीचा. हा तिसरा वास आला की मॅडम आत आहेत हे कळायचं आणि पायऱ्यांवरच्या मुली बोलणं थांबवायच्या.

मॅडमची साडी नेहमी पांढरी, बारीक काठाची, खळ दिलेली. त्या चालल्या की कागद उलटल्यासारखा आवाज यायचा. कागदाच्या पट्टीला त्यांनी कधी बोट लावलं नाही, चिमट्याने उचलायच्या. त्यांच्या कपाटात बाटल्या उंचीप्रमाणे लावलेल्या असत आणि प्रत्येकीचं लेबल बरोबर समोर. माझ्या स्वयंपाकघरातले डबे तुम्ही पाहिले आहेत. निहार एकदा म्हणाला होता, आजी, तुझी हळद सैनिकासारखी उभी आहे. ती शिस्त मॅडमची आहे. माझं इंग्रजीही त्यांचंच. प्रयोगशाळेत मराठीत प्रश्न विचारला की त्या खिडकीबाहेर बघत, तिथे कुणी बोललं का ते पाहिल्यासारखं. तसं दोनदा-तीनदा झालं की मुलगी एक तर इंग्रजी शिकायची, नाहीतर प्रश्न विचारणं सोडायची. मी शिकले.

मी चंद्रपूरजवळच्या मूल गावाहून आले होते. आमच्या गावाला भाताच्या गिरण्यांचा वास होता. उकडलेल्या धानाची वाफ आणि हवेत उडणारा कोंडा. तो कोंडा केसांत बसायचा, आणि त्यावर आई भरपूर तेल चोपडायची. माझ्या टेबलावर जैनी होती. जैनी भामरागडच्या पलीकडच्या गावातली माडिया मुलगी. पावसाळ्यात तिथल्या नद्या फुगल्या की रस्ता बंद, मग ती दिवाळीपर्यंत घरी जाऊ शकायची नाही आणि घरून कुणी येऊ शकायचं नाही. तिचेही केस तेलाने चप्प. आम्हा दोघींना मॅडमनी खिडकीजवळचं टेबल दिलं होतं. तुमच्या व्हिडिओतल्या या प्रयोगाला उजेड नको आणि वारा नको. खिडकीत दोन्ही होतं.

"हात," मॅडम म्हणत. फक्त एवढंच. आम्ही हात पुढे करायचो. हाताचं तेल कागदाला लागलं की रंग वाकडे चढतात, हे खरं आहे. पण इतर मुलींचे हात बघून त्या पुढे जात. आम्हा दोघींना साबणाने हात धुऊन, फडक्याने न पुसता, वाळेपर्यंत वर धरून उभं राहावं लागे. कोपरावरून पाणी ओघळत बाहीत जायचं. सगळा वर्ग पानं कुटत असायचा आणि आम्ही दोघी खिडकीशी, हात वर, शरण आल्यासारख्या.

जैनी तोंडातल्या तोंडात म्हणायची, "आज पोलीस पकडून राह्यले वाटते आपल्याले."

मला हसू आवरायचं नाही. हसलं की हात पुन्हा धुवावे लागत.

मला तो प्रयोग आवडायचा, हे तुम्हाला सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल मी तुमच्या व्हिडिओवर रागावले. खलबत्त्यात पान, चिमूटभर वाळू, थोडं ॲसिटोन. दगडावर वाळू करकरायची. मग गडद हिरवा अर्क. कागदाच्या पट्टीवर तळापासून थोडं वर पेन्सिलने रेघ. रेघेच्या मध्यावर काचेच्या बारीक नळीने एक ठिपका. फुंकर. वाळला की त्याच जागी पुन्हा ठिपका, पुन्हा फुंकर. सगळा वर्ग नुसता फुंकर घालत बसलेला. मग उंच बरणीत तळाशी ईथरचं मिश्रण, वरच्या बुचाला टाचणीने लटकवलेली पट्टी, तिचं टोक जेमतेम भिजेल एवढी. बरणीभोवती काळा कागद. आणि मग थांबायचं. बरणी बंद असताना बोलायचं नाही, हा मॅडमचा नियम. त्या शांततेत खालून रिक्षांच्या घंट्या यायच्या, लांब कोळशाच्या वाघिणी आदळल्याचा आवाज यायचा, आणि काळ्या कागदाच्या आत आमचं पान उलगडत असायचं.

पावसाळ्यात कागद दमट, रंग पसरट यायचे. थंडी हा खरा मोसम. थंडीत कागद कोरडा असतो आणि पट्टे असे येतात की जणू कुणी कुंचल्याने ओढले. सगळ्यात वर केशरी-पिवळं कॅरोटीन. त्याखाली पिवळं. त्याखाली निळसर हिरवं. आणि सगळ्यात खाली, कागदाला धरून बसलेलं, पोपटी. पान म्हणजे जैनीच्या भाषेत आकी. बरणीवरचा काळा कागद काढताना ती दरवेळी हळूच म्हणायची, "निघ बाहेर, आकी."

आठवड्याच्या शेवटी आम्ही पानं गोळा करायला जुन्या किल्ल्याच्या परकोटाच्या बाजूला जायचो. भिंतीच्या फटीतला पिंपळ, कडेचा पळस, झरपट नदीच्या काठचं काहीबाही. सागाचं कोवळं पान मिळालं की जैनी ते तळहातावर चोळायची. हिरव्या पानाचा रंग लालभडक यायचा. ती तो हात माझ्या गालावर लावायची आणि सोमवारी "हात" म्हटल्यावर ती लाली कितीही धुतली तरी जायची नाही.

"पानाला वाटतं आपण हिरवे आहोत," मॅडम शिकवताना म्हणत. "कागद खरं काय ते सांगतो. कागदाला धरून बसतं ते खाली राहतं. कागद सोडतं ते वर जातं. मुलींचंही तसंच असतं." आणि मग त्या खिडकीकडे बघत. वर्ग हसायचा. त्यात वाईट मुली नव्हत्या. हसलं की आपण खिडकीजवळच्या नाही हे नक्की व्हायचं, एवढंच.

वर्षाच्या सुरुवातीला, आम्हाला काही माहीत नव्हतं तेव्हा, मॅडमनी पट्टीवर नाव लिहायला सांगितलं. कुठे आणि कशाने ते सांगितलं नाही. बहुतेकींनी पेन्सिल हातात होती म्हणून पेन्सिलने लिहिलं. जैनीकडे नवं बॉलपेन होतं. एटापल्लीच्या बाजारातून तिच्या वडलांनी आणलेलं, निळं, टोपणाला सोनेरी पट्टी असलेलं. ते ती कुणाच्या हातात देत नसे. तिने रेघेखाली सावकाश नाव लिहिलं. जैनी. काळा कागद काढला तेव्हा नाव जागेवर नव्हतं. निळा-जांभळा ओघळ हिरव्यातून घुसून वरपर्यंत गेला होता.

मॅडमनी पट्टी चिमट्याने उचलून सगळ्यांना दाखवली. आवाज अजिबात चढवला नाही.

"बघा. हिचं नाव हिच्याआधी पळालं."

ते हसणं मला तुमच्या व्हिडिओत ऐकू आलं.

ती पट्टी मॅडमनी फळ्याशेजारच्या बोर्डावर टाचली. खाली कुणी काही लिहिलं नाही, लिहायची गरज नव्हती. पट्टी तिथे वर्षभर राहिली. पाहुणे आले की मॅडम तिच्याकडे बोट दाखवून सांगत, चूक कशी करावी याचा नमुना. त्यानंतर नियम झाला की नावं पट्टीच्या वरच्या टोकाला, पेन्सिलने. वसतिगृहात तर जेवणाच्या पंगतीतही विषय तोच.

"काऊन वं जैनी, आज तुह्यं नाव कुठवर पोचलं?"

"मूलवर," जैनी भात कालवत म्हणायची. "तिथी कंडक्टरनं उतरवलं. तिकीट नव्हतं."

पंगत हसायची, पण आता जैनीबरोबर. तेवढं तिला जमायचं. एक मात्र तिने सोडलं नाही. पुढची प्रत्येक पट्टी तिने नाव खाली लिहूनच लावली. रेघेखाली, त्याच जागी, पण पेन्सिलने. मी म्हटलं, नियम वर लिहायचा आहे. ती म्हणाली, "हलते का ते पाहून राह्यली." हलायचं नाही. पेन्सिलचं काळं ईथरमध्ये विरघळत नाही. दर आठवड्याला काळा कागद काढला की ती आधी रंग बघायची नाही, खाली नाव बघायची.

मॅडमनी ते पाहिलं होतं. पाहूनही वर्षभर काही बोलल्या नाहीत. तेव्हा मला वाटलं, सोडून दिलं.

मार्चमध्ये परीक्षा. मोहाची फुलं पडायचे दिवस. कॉलेजच्या मागच्या बाजूने तो आंबूस-गोड वास ईथरच्या वासात मिसळायचा आणि डोकं जड व्हायचं. प्रात्यक्षिकात वेगळं पास व्हावं लागे. आमच्या वसतिगृहात नापास मुलीला पुढच्या वर्षी जागा नसे, आणि वसतिगृहाबाहेर चंद्रपुरात जैनीचं कुणी नव्हतं. म्हणजे त्या एका दुपारी, त्या एका पट्टीवर, ती शिकणार की परत जाणार हे ठरणार होतं. हे तिला माहीत होतं, मला होतं आणि मॅडमनाही होतं.

बाहेरून परीक्षक आले होते. घामेजलेले, लवकर संपवून गाडी गाठायच्या घाईत. सगळ्यांना पालकाची पानं दिली. कुणी पट्टी बदलू नये म्हणून बरणीत सोडण्याआधी मॅडम प्रत्येकीच्या पट्टीवर सही करत फिरत होत्या. हातात बॉलपेन. सगळ्यांच्या वरच्या कोऱ्या टोकाला, नावाशेजारी, छोटीशी सही.

जैनीचे ठिपके मी पाहिले होते. इतके नेमके ठिपके मी नंतर एवढी वर्षं शिकवूनही फार कमी पाहिले. रेघ सरळ. रेघेखाली पेन्सिलने नाव.

मॅडम आमच्या टेबलाशी थांबल्या. पेन खाली, नावाकडे गेलं.

"मॅडम, वर करा ना सही," जैनी म्हणाली. "खाली केली तर पसरंल."

"सही नावाशेजारी करतात," मॅडम इंग्रजीतच म्हणाल्या.

"मी वर नाव लिहितो ना मंग. आत्ता लिहितो."

"परीक्षेत खाडाखोड चालत नाही, जैनी. वर्षभर नाव कुठे लिहायचं ते तू ठरवलंस. मी काही बोलले का?"

आणि त्यांनी सही केली. लांब, पूर्ण नावाची, शेवटी फराटा. इतरांच्या पट्टीवर नुसती अक्षरं होती. मग पट्टी चिमट्याने उचलून त्यांनी स्वतःच बरणीत सोडली, बूच लावलं, काळा कागद गुंडाळला आणि हलक्या हाताने नीट केला. झोपलेल्या पोराचं पांघरूण नीट करावं तसा.

बरणी बंद होती म्हणून कुणी बोललं नाही. जैनी काळ्या कागदाकडे बघत बसली. आत काय चाललं आहे हे तिला कळत होतं. मलाही. बाकी मुलींच्या बरणीत पान उलगडत होतं. हिच्या बरणीत मॅडमचं नाव वर चढत होतं.

कागद काढला तेव्हा खाली पोपटी, वर निळसर हिरवं, पिवळं, टोकाला केशरी, सगळं आलं होतं. आणि त्यातून आरपार एक जांभळा ओघळ.

"पेन कुणी वापरलं?" परीक्षकांनी विचारलं.

"सर, ती मॅडमची सही आहे," मी म्हणाले. इंग्रजीत म्हणाले, मॅडमनीच शिकवलेल्या इंग्रजीत, एकही चूक न करता.

मॅडम माझ्याकडे बघून किंचित हसल्या. वाक्य बरोबर होतं म्हणून. मग परीक्षकांना म्हणाल्या, "सही नावाशेजारी असते, सर. सगळ्यांची नावं वर आहेत. हिने खाली का लिहिलं ते हिलाच विचारा. ही पहिल्या दिवसापासून अशीच आहे." आणि त्यांनी बोर्डाकडे बोट केलं. तिथे ती जुनी पट्टी होती. उजेडाने हिरवं उडून गेलेलं, निळा ओघळ तेवढा तसाच. वर्षभर जपून ठेवलेली.

परीक्षकांनी बोर्डाकडे पाहिलं, टेबलावरच्या पट्टीकडे पाहिलं. दोन्हींवर सारखाच ओघळ.

"तू लिहिलंस का खाली नाव?"

"हो सर," जैनी म्हणाली.

"मग?"

त्यांनी पुढच्या टेबलाकडे वळता वळता काहीतरी लिहिलं. मॅडमनी पट्टी चिमट्याने उचलून कचऱ्याच्या टोपलीत टाकली.

टेबलं पुसायची पाळी माझी होती. टोपलीतून ती पट्टी मी काढली आणि बरणीचा काळा कागद फाडून त्यात गुंडाळली.

निकाल लागला त्या दिवशी चंद्रपूरचं ऊन असं होतं की बसच्या पत्र्याला हात लागला तर चटका बसावा. जैनीची पेटी टपावर गेली होती. आम्ही स्टँडवर रसवंतीच्या सावलीत उभ्या होतो. ती मला रागावली होती.

"तू काऊन बोलली तिथी? माह्यं तर झालंच होतं. आता तुह्यामागं लागन ते मॅडम."

"लागू दे."

"लागू दे म्हणते. इंग्रजीत बोलली म्हणून वाचली तू, बाई."

मी म्हटलं, पुढच्या वर्षी ये, पुन्हा परीक्षा दे. ती म्हणाली, "कुठी येऊ? तुह्या पेटीत झोपू?" आणि आम्ही दोघी हसलो, कारण माझी पेटी तिच्या पेटीपेक्षाही लहान होती. मग मी पिशवीतून काळ्या कागदाची पुडी काढून तिच्यापुढे धरली. तिने ती उघडली नाही.

"फेक ते," म्हणाली. बस सुरू झाली तेव्हा खिडकीतून विचारलं, "नाव हाललं का?"

मी उघडून पाहिलं. "नाही."

"मंग ठेव तुह्यापाशी."

पावसाळा आला, नद्या भरल्या, तिकडचा रस्ता बंद झाला. दिवाळीनंतर उघडला. तिकडून काही आलं नाही.

मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या जागी मी आले. निरोपाच्या कार्यक्रमात त्या म्हणाल्या, ही माझी सगळ्यात नीटनेटकी विद्यार्थिनी. चहाच्या वेळी मी त्यांना जैनीबद्दल विचारलं. त्यांनी खरंच आठवून पाहिलं. "जैनी?" म्हणाल्या. "कोणत्या बॅचची?" तो बोर्ड त्यांना आठवत होता. कोणती पट्टी लावली होती ते नाही. मला वाटलं होतं त्यांना आठवत असेल आणि त्या लपवतील. त्यापेक्षा हे वाईट होतं.

माझ्या वर्गात बॉलपेन टेबलावर आणायला बंदी होती. सह्या मी पेन्सिलने करत असे. मुली मागे हसत, म्हातारीला पेनचं वावडं आहे. हसू दिलं. एटापल्ली, भामरागडकडची मुलगी आली की मी विचारायची, तुमच्याकडे जैनी नावाची कुणी, वयाने माझ्याएवढी, कॉलेजात शिकलेली? मुली एकमेकींकडे बघत. एकदा एकीने सांगितलं, "मॅडम, आमच्याकडं घरोघरी जैनी हाये. कोणती सांगू?"

आता ती प्रयोगशाळा नाही. मागच्या थंडीत मी जाऊन आले. वरच्या मजल्यावर संगणक आहेत, खिडक्यांना पडदे आहेत, आणि जिन्याला कसलाच वास नाही. मी तरी वरच्या पायरीवर बोलणं थांबवलं. बरोबर आलेल्या प्राध्यापिकेने विचारलं, दम लागला का बाई.

तुमचा व्हिडिओ पाहिल्यावर मी कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. काळा कागद घड्यांवर तुटायला आला आहे, म्हणून दुपारच्या उजेडात सावकाश उघडला. तुम्हाला सांगण्यासाठी नीट पाहिलं आहे. केशरी गेलं. पिवळं गेलं. दोन्ही हिरव्यांच्या जागी राखेसारखा डाग आहे, तोही मला कुठे बघायचं ते माहीत आहे म्हणून दिसतो. शाईचा जांभळा ओघळ फिका झाला आहे, पण आहे. त्याच्या तळाशी पेन्सिलची रेघ आहे, सरळ. रेघेखाली जैनीचं नाव आहे. ते जागेवर आहे.